पेंग्विनच्या वाटणीची तारली

"...आणि त्या पेंग्विनने येऊन सांगितलं का तुम्हाला, की बाबा रे, तुझ्या बायकोच्या फ्रीजरमधली पिशवी माझी आहे म्हणून?"

"शर्मिला, मुद्द्यावर बोल."

"मुद्दा तुमच्या हातात आहे आणि वितळतोय. लादीवर पाणी गळतंय. पायपुसण्यावर धरा."

हरीशने पिशवी पायपुसण्यावर धरली. तो मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतून नुकताच आला होता. अंगात कंपनीचा शर्ट, पायात बूट. घरात आल्यावर पाण्याचा ग्लाससुद्धा न मागता त्याने थेट फ्रीजर उघडला, आणि मटारच्या पाकिटामागे दडवलेली तारली, म्हणजे इंग्लिशमधली सार्डिन, अगदी चोर पकडावा तशी बाहेर ओढली.

"घरात सार्डिन आणायची नाही, असं आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. मला फक्त कळवलं होतं."

"उद्या सकाळी मीटिंग आहे इथे. दक्षिण आफ्रिकेहून त्या बाई व्हिडिओवर येणार आहेत. रविकांत फोटो काढणार, मंडळाच्या स्मरणिकेत छापणार. आणि आपल्याच घरात दीड किलो..."

"दोन."

"प्रश्न तत्त्वाचा आहे!"

तत्त्व. वीस-बावीस वर्षांच्या संसारात हा शब्द या घरात कधी आला नव्हता. भाडं, राहण्याच्या परवान्याचा इकामा, लेकीची, मैथिलीची ट्यूशन, गावच्या घराची कौलं, एवढ्यावर भागत होतं. तत्त्व आलं ते गेल्या वर्षी, पेंग्विनच्या मागोमाग.

झालं असं. हरीश आणि त्याचे तीन सहकारी सुट्टीत केप टाउनला गेले. मैथिलीची परीक्षा होती, त्यामुळे शर्मिला अर्थातच घरी राहिली. तिथल्या एका किनाऱ्यावर गुडघ्याएवढा एक पेंग्विन डुलत डुलत हरीशसमोर येऊन उभा राहिला. मान वाकडी करून त्याने हरीशकडे बघितलं, बुटाची नाडी ओढली आणि निघून गेला. बस, एवढंच. पण परत आल्यावर ते सांगताना हरीशचा आवाज भरून आला. "त्याने असं बघितलं ना माझ्याकडे, शर्मिला! आणि म्हणे थोड्या वर्षांत एकसुद्धा उरणार नाही." लेक जन्मली त्या दिवशी ज्या माणसाने नर्सला पहिला प्रश्न गाडी कुठे लावू असा विचारला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी बघून शर्मिला चकितच झाली. तिला वाटलं, चार दिवसांत उतरेल.

उतरायचं कसलं? कुवेतमध्ये मराठी माणसाच्या मनात काही आलं की त्याची समिती होते. रविकांत एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, मूळचे पुण्याचे, आणि मराठी मंडळाच्या प्रत्येक समितीवर होते. जिथे नव्हते ती समिती स्थापन व्हायची राहिली असावी. 'पेंग्विन संवर्धन समिती' स्थापन झाली. बोधचिन्ह ठरलं: पुणेरी पगडी घातलेला पेंग्विन.

खरं तर सुरुवात वाईट नव्हती. हे पेंग्विन पूर्वी पक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरात बीळ करून अंडी घालायचे. तो थर माणसांनी खत म्हणून खरवडून नेला. आता ते उघड्यावर अंडी घालतात, ऊन सहन झालं नाही की उठून पाण्यात जातात आणि अंडी वाया जातात. म्हणून तिथल्या वस्तीतली माणसं त्यांच्यासाठी तयार घरटी बसवतात. समितीने दोन घरट्यांचा भार उचलायचा ठरवला. शर्मिलालाही ते पटलं. उन्हात पोरं सांभाळणं म्हणजे काय, हे कुवेतमधल्या बाईला कुणी समजावायला नको.

पण समितीत चार जण रिफायनरीतले इंजिनिअर. तयार घरटं ते जसंच्या तसं कसं घेतील? ड्रॉइंग निघालं. त्याला रिव्हिजन ए, बी, सी अशी पिल्लं झाली. एका बैठकीत घरट्याला आणीबाणीचा दुसरा दरवाजा असावा की नसावा यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. घरट्यांना नावं काय द्यायची, यावर शिवनेरीवाले आणि रायगडवाले असे तट पडले. शेवटी तिकडच्या लोकांनी त्यांची नेहमीची दोन घरटी बसवून फोटो पाठवले, तेव्हा कुठे ड्रॉइंगचं काम थंडावलं.

आता पुढे काय? समितीला काहीतरी पाहिजे. मग रविकांतांना कुठेतरी वाचायला मिळालं, की पेंग्विन मरतात ते मुख्यतः उपासमारीने. त्यांची सार्डिन माणसं पकडून नेतात. लगेच ठराव आला. समितीच्या सदस्यांनी सार्डिनचा त्याग करावा आणि दारावर तसं स्टिकर लावावं. समितीत सात जण. पाच शुद्ध शाकाहारी. सहाव्याला माशाच्या वासाने मळमळायचं. ठराव एकमताने आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ज्यांनी जन्मात तारली बघितली नव्हती, त्यांनी ती कायमची सोडली. सातवा हरीश. त्यानेही हात वर केला, कारण पुढच्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी रविकांत त्याचं नाव सुचवणार होते. तो हात वर गेला तेव्हा तारली करणारे हात स्वयंपाकघरात समितीसाठी बटाटेवडे तळत होते.

स्टिकर लागलं. 'या घरात सार्डिन शिजत नाही.' वर माशाच्या चित्रावर लाल फुली, शेजारी पगडीवाला पेंग्विन.

आता शर्मिलाच्या घरात शुक्रवारी तारली शिजते याला काय अर्थ होता, ते समितीला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. हरीशला ठाऊक होतं, पण त्याच्या लेखी तो एक मेनू होता.

शर्मिला मालवणची. लग्नाआधी तिथे बालवाडीत शिकवायची, आणि साठ पोरांना एका आवाजात गप्प करायची असा तिचा लौकिक होता. नवऱ्याच्या व्हिसावर ती कुवेतला आली आणि इथे त्या आवाजाने गप्प करायला कुणी उरलं नाही. दोनदा शाळेत नोकरीची बोलणी झाली. एकदा कागदपत्रं अडली, एकदा मैथिली पोटात होती. मग फहाहीलचा हा फ्लॅट. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसायचे. हरीश वाढला ठाण्यात, त्याला मालवणी कळायची पण बोलायची लाज वाटायची. मैथिली मराठीत विचारलेल्याला इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. मंडळातल्या बायका गोड होत्या, पण त्यांच्याशी बोलताना शर्मिला प्रत्येक वाक्याला इस्त्री करूनच तोंडाबाहेर काढायची.

आणि मग काही वर्षांपूर्वी फहाहीलच्या मासळीबाजारात तिच्या कानावर शेजारून एक अस्सल मालवणी शिवी आली. किती वर्षांनी! तिचे डोळेच भरून आले. बघते तर एक तिशीतला बाप्या मासेवाल्याकडे फक्त चार तारल्या मागत होता, आणि किलोच्या खाली देत नाही म्हणून मासेवाल्याने त्याला उडवून लावलं होतं.

"खंयचो रे तू?" तिने विचारलं.

तो ओंकार, वेंगुर्ल्याचा. सुलैबियाच्या एका यार्डात क्रेनवर काम करायचा, राहायचा फरवानियात, एका खोलीत आठ जणांबरोबर. खोलीत मासे शिजवायची सोय नव्हती. बाकीच्यांनी दारावर कागदच चिकटवला होता, मच्छी नहीं. "चार तारल्यो घेवन काय करतलंस, सांग बघूया?" तिने विचारलं, तर म्हणाला, "काय नाय गे काकी. वास घेतलंय असतंय." ती म्हणाली, शुक्रवारी घरी ये.

तो आला. पुढच्या शुक्रवारी दोघांना घेऊन आला. मग पाच-सहा झाले. आंघोळ करून, केसाला तेल लावून, इस्त्रीचे शर्ट घालून बस बदलत यायचे. हॉलमध्ये पेपर पसरायचे. कोकम, तिरफळ घातलेलं तारल्यांचं तिकलं आणि उकड्या तांदळाचा भात. जेवताना कामाचं बोलायचं नाही, असा काकीचा नियम होता. "काकी, मीठ कमी पडलां," कुणीतरी म्हणायचं, आणि शर्मिला तिच्या जुन्या बालवाडीच्या आवाजात ओरडायची, "गप बस आणि जेव!" आठवड्यातून तेवढाच वेळ ती पूर्ण आवाजात बोलायची.

ठरावानंतर घरात शांतता राहावी म्हणून तिने शुक्रवारी चिकन केलं. सगळे जेवले. "बरां झालांहा, काकी," म्हणाले. मालवणी माणूस जेवणात खोट न काढता नुसतं बरं झालंय म्हणाला, की समजावं, ताटावरून त्याचं मन उठलं. पुढच्या वेळी दोघांना ओव्हरटाइम निघाला. त्यापुढे आणखी कुणाकुणाला काय काय निघालं. आणि मागच्या शुक्रवारी एकटा ओंकार आला, तोही दारातच उभा राहिला. स्टिकरकडे बघत त्याने विचारलं,

"काकी, ह्यां आमच्यासाठी लावलास काय?"

"अरे, खुळो की काय तू! ह्यां त्या पेंग्विनासाठी."

त्याला काही ते पटलं नाही. माणसाला येऊ नको सांगायचं तर कुणी पेंग्विनचं नाव पुढे करील, हे त्याने फरवानियात पाहिलं नसलं तरी दारावरचा कागद पाहिला होता. "नाय, साहेबांका त्रास होता तर आमी येवचंव नाय. सरळ सांगा," एवढं बोलून तो जेवला आणि ताट धुऊन गेला. नंतर त्याचा फोन आला नाही. तिने केला तर त्याने उचलला नाही.

म्हणून ही तारली फ्रीजरमध्ये होती.

"उद्याची मीटिंग होऊ दे," पायपुसण्यावर उभा असलेला हरीश शेवटी म्हणाला. "मग बघू."

"काय बघू?"

"म्हणजे... बघू." आणि त्याने पिशवी परत मटारमागे सरकवून दिली. तत्त्वाला रात्रीपुरती फ्रीजरमध्ये जागा मिळाली.

शुक्रवारी सकाळी समिती जमली. हॉलमध्ये टीव्हीच्या पडद्यावर दक्षिण आफ्रिकेच्या असमा आल्या. साठीच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या. मागे समुद्र, आणि कुठून तरी एक गाढव जीव तोडून ओरडत होतं.

"तिकडे गाढवंही आहेत वाटतं?" रविकांतांनी कौतुकाने विचारलं.

"तो पेंग्विन आहे," असमा इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "असाच ओरडतो."

रविकांतांनी भाषण सुरू केलं. मराठी माणूस आणि निसर्ग यांचं नातं सांगत ते बरेच लांबवर गेले. असमा चहा पीत ऐकत होत्या. मग त्यांनी बातमी दिली: दोन घरट्यांपैकी एकात जोडी राहायला आली होती, दुसऱ्यात वाळू भरली होती, ती काढायची होती. गल्लीतली दहा-बारा माणसं पाळी लावून काम करायची. गाडी सुरू करण्याआधी चाकाखाली पेंग्विन बसला नाही ना, ते लोकांना वाकून बघायला लावायचं, मोकाट कुत्री हाकलायची, टाकलेली पिल्लं दवाखान्यात न्यायची.

"आम्ही इथून काय पाठवू?" रविकांतांनी विचारलं. "एखादा फलक? संगमरवरी?"

"जाड हातमोजे," असमा म्हणाल्या. "फार चावतात हो."

हातमोज्यांचा फोटो चांगला येत नाही. तो विषय तिथेच संपला. हरीशने घरट्याच्या छताच्या उष्णतारोधक थराबद्दल एक प्रश्न विचारला. असमा म्हणाल्या, छत ठीक आहे. तेवढ्यात शर्मिला चहाचा ट्रे घेऊन आली, आणि हरीशने संधी साधली.

"ही माझी पत्नी. पेंग्विनसाठी आमच्या घराने सार्डिन कायमची सोडलीय!"

टाळ्या. रविकांतांनी फोटो घेतला. असमांनी कप खाली ठेवला.

"अरे देवा. आवडते का तुम्हाला?" त्यांनी शर्मिलाला विचारलं.

"खूप," शर्मिला म्हणाली. तिचं इंग्लिश कामापुरतं होतं, पण या शब्दाला तेवढं पुरलं.

"आणि तुमच्याकडे ती येते कुठून?"

"ओमानहून."

असमा हसायला लागल्या. रुमाल सुटून मानेवर आला तरी हसत होत्या. "बाई, आमचे पेंग्विन ओमानला जात नाहीत. त्यांना कोण व्हिसा देणार? पोटभर खा तुम्ही! आमचं भांडण आहे ते आमच्याच किनाऱ्यावरच्या सार्डिनसाठी. ती बोटी भरून जाते आणि डब्यात बंद होते."

"डब्यात म्हणजे," कोपऱ्यात फोनवर बोटं चालवणाऱ्या मैथिलीने मान वर केली, "टिन? लाइक, रेड टिन? पप्पा, तुमच्या गाडीतले?"

हरीशने टीव्हीचा रिमोट शोधायला घेतला.

"कुठले गाडीतले?" शर्मिलाने विचारलं.

"सीटखाली. मला वाटलं यू न्यू. इट सेज प्रॉडक्ट ऑफ साउथ आफ्रिका."

असमांना मराठी कळलं नाही, पण हरीशचा चेहरा कळला असावा. आपली पाळी आहे, कुत्री आली आहेत, असं सांगून त्या पडद्यावरून गेल्या.

"टिनमधला मासा आधीच मेलेला असतो," हरीश समितीला उद्देशून म्हणाला. "म्हणजे, मी तसा विचार केला."

आणि मग ते सगळं निघालं. तारली सोडल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. बायकोला सांगायची सोय नव्हती. ड्युटी संपली की तो जमियाच्या दुकानातून डबा आणि खुबूस रोटी घ्यायचा, पार्किंगमध्ये एसी लावून गाडीत बसायचा आणि एकटाच खायचा. दिवसभर जहाजात तेल भरण्यावर देखरेख करणारा, संध्याकाळी पेंग्विन वाचवणारा माणूस मधल्या अर्ध्या तासात पेंग्विनच्या तोंडचाच घास खात होता. शर्मिलाला हसू आलं. पण मांडीवर डबा ठेवून, आरशात मागून कुणी येत नाही ना हे बघत खाणारा हरीश डोळ्यांसमोर आला आणि तिला त्याची जराशी दयाही आली. ओंकारसुद्धा नुसता वास घ्यायला निघाला होता.

"हा तांत्रिक मुद्दा आहे," रविकांतांनी सूत्रं हाती घेतली. "आपण ठरावात दुरुस्ती करू. टिनबंद सार्डिनचाही समावेश करू."

"आणि ताजी?" शर्मिलाने विचारलं. "ती काढा ना. त्या बाईंनीच सांगितलं."

"वहिनी, ठराव असा मागे नाही घेता येत. सगळ्या ग्रुपवर गेलाय. स्मरणिकेत त्याचं पान लागलंय. तारली आता मासा राहिली नाही, ती प्रतीक झालीय."

"मग भावजी, तुमच्याकडचं काहीतरी प्रतीक करा. श्रीखंड करा. तुम्ही सोडा."

"श्रीखंडाचा आणि पेंग्विनचा काय संबंध?"

"ओमानच्या तारलीचा जेवढा तेवढाच."

कुणीतरी खोकलं. रविकांतांनी चष्मा पुसला आणि मग आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखं, ते म्हणाले, "हे बघा वहिनी, एवढं मनावर घ्यायचं नसतं. स्टिकर बाहेर राहू दे. आत तुम्ही काय शिजवता ते बघायला कोण येतंय? एक्झॉस्ट लावा आणि बिनधास्त करा."

"अगदी!" हरीश सुटल्यासारखा म्हणाला. "बघ शर्मिला, हे किती सोपं आहे."

सोपंच होतं. समितीतल्या सगळ्यांना ते एकदम पटलं. तारली शिजेल, ठराव राहील, पेंग्विन वाचेल, हरीश अध्यक्ष होईल. यात फक्त एक माणूस बसत नव्हता, आणि तो मागच्या शुक्रवारी दारात उभा राहून स्टिकर वाचून गेला होता.

शर्मिलाने सगळ्यांना दुसरा चहा दिला. समितीने एक ग्रुप फोटो काढला, त्यात मागे टीव्हीचा काळा पडदा आला. मग सगळे गेले.

दार लावायच्या आधी तिने स्वयंपाकघरातून उलथणं आणलं आणि स्टिकर खरवडायला घेतलं. पगडी लगेच निघाली. पेंग्विन जरा चिवट होता. हरीश मागे उभा राहून, पेंट जाईल, घरमालक डिपॉझिटमधून कापेल, असं काहीबाही म्हणत होता. शेजारच्या फ्लॅटमधली शाझिया कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली, थांबली, आणि काही न विचारता आत जाऊन गरम पाण्याचं भांडं घेऊन आली. "इससे जल्दी छूटेगा," एवढंच म्हणाली.

दार स्वच्छ झाल्यावर शर्मिलाने त्याचा फोटो काढला आणि ओंकारला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "काकी, तिरफळां आसत की घेवन येव?"

तिने पिशवी फ्रीजरमधून काढून सिंकमध्ये ठेवली. हरीश दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "रविकांतला कळलं तर? अध्यक्षपदाचं..."

शर्मिलाने हात पुसले आणि हॉलमध्ये आली. मैथिलीला कानातले इअरफोन काढायला लावले. हरीशला बसायला सांगितलं. तो बसला.

"दोघांनी ऐका, मी परत सांगणार नाही," ती म्हणाली. "दर शुक्रवारी या घरात तारली शिजणार, आणि दार उघडं ठेवून शिजणार. ओंकार आणि मंडळी येणार. तुम्ही त्यांच्या पंगतीला बसायचं, वाढायला मदत करायची. असमाबाईंशी यापुढे मी बोलणार, आणि त्यांना हातमोजे हवेत तर हातमोजेच जाणार. समितीची बैठक आता रविकांतभावजींच्या घरी भरेल, ते तुम्ही त्यांना आज कळवायचं."